नळाच्या वेळचा पंचनामा

खोटं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे पाहू नये, पायांकडे पाहावं. तोंड सावरता येतं, पायाची बोटं सावरता येत नाहीत. वॉर्ड ऑफिसात एकोणीस वर्षं टेबलापलीकडची माणसं पाहून हे मी शिकलो. वारसाचा दाखला असो की पाण्याच्या जोडणीचा अर्ज, माझ्या हातून खोटा कागद कधी पुढे सरकला नाही. ऑफिसातली मंडळी मला पाठीमागे ‘खातरजमा’ म्हणत. वामनराव हे नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. मला त्याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर, आतून गुदगुल्याच व्हायच्या.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालच्या मार्चमधली. त्याच्या दोन वर्षं आधी पुलाच्या कामासाठी नाल्याकाठची एक वस्ती उठवली होती. त्यातली एकतीस कुटुंबं जुन्या जकात नाक्याच्या शेडमध्ये आणून टाकली. कागदावर त्याला ‘तात्पुरता निवारा’ असं नाव होतं. वर टिनाचं छत, तीन बाजूंना भिंत, चौथी बाजू ट्रक आत यावा म्हणून मोकळी. मधे लुगडी आणि पोती टांगून लोकांनी आपापल्या हद्दी केल्या होत्या. तात्पुरत्याचे दोन पावसाळे झाले तेव्हा सभेत आरडाओरड झाली आणि बजेटात तरतूद निघाली: ज्याला भाड्याची खोली मिळेल त्याला महिना वीस रुपये भाडेमदत. पहिल्या तीन महिन्यांचे साठ रुपये आगाऊ, तेही एकतीस मार्चच्या आत वाटायचे, नाहीतर रक्कम परत. त्याच तारखेला शेड रिकामी करून तिथे डांबराची पिंपं ठेवायची. ज्याला खोलीच मिळणार नाही त्याचं काय, यासाठी त्या ठरावात रकाना नव्हता. मीही तो शोधला नाही. रकाना नसलेल्या गोष्टी मी शोधत नसे.

घरमालकाची चिठ्ठी आणा आणि पैसे घ्या, एवढा सोपा नियम होता. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावर चौदा चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या अकरांवर बळीराम नावाच्या एकाच घरमालकाची सही. मी सायकल काढली आणि गेलो. बळीरामाकडे एकच खोली होती, आणि त्या खोलीत त्याची म्हैस होती. एका चिठ्ठीचा तो एक रुपया घेत होता. मी परत आलो तो छाती फुगवून. साहेबांना म्हणालो, “नुसत्या चिठ्ठीवर भागणार नाही. जागेवर जाऊन पंचनामा करायचा. शेजारचे दोन पंच, आणि त्यांच्या सह्या.” साहेबांनी मान डोलावली आणि ते कामही माझ्याच गळ्यात घातलं. म्हणजे पंचनाम्याची ती अट माझी होती. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर सांगायला जड जाईल.

अंजनाबाईची चिठ्ठी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आली.

अंजनाबाई लहानू गजभिये. पस्तिशीची, काटक, बोटांची टोकं तंबाखूने पिवळी झालेली. विड्या वळायची. नवरा गिरणीत होता, तो खोकून खोकून गेला. मुलगी गोपिका, सतरा वर्षांची, मॅट्रिकला बसलेली. शेडमध्ये हजेरी घ्यायला गेलो की मायलेकी कोपऱ्यात दिसायच्या. त्यांच्या पोत्याच्या पडद्यामागे बुद्धाची तसबीर होती, काच तडकलेली, पण रोज पुसलेली. विड्या वळता वळता अंजनाबाई एकदा मला म्हणाली होती, “साहेब, भित नसली तं चालते, छत गळलं तं चालते. मले कडी पाह्यजे. आतून लावाची कडी.”

“कडी?”

“पोरगी मोठी झाली ना, साहेब. मी रोज तिच्या वेनीले माह्या लुगड्याचा पदर बांधून झोपतो. कोनी ओढलं तं मले जाग यावी.” मग तिने मोकळ्या चौथ्या बाजूकडे बोट दाखवलं. तिथे दोन रिकामटेकडे विडी ओढत उभे होते. मी त्यांना हाकललं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच होते.

चिठ्ठी महाल नावाच्या जुन्या मोहल्ल्यातली होती. कांताबाई नावाच्या घरमालकिणीची, मागची खोली, भाडं बावीस. अक्षर नीट, सही नीट. मला तेच खटकलं. महालातल्या त्या गल्लीत बावीस रुपयांत खोली? आणि तीही शेडमधल्या बाईला? मी अंजनाबाईच्या पायांकडे पाहिलं. बोटं हलत होती.

“चौकशीला येईन मी,” मी म्हणालो.

“या ना.” मग जरा थांबून, आवाज खाली आणून: “पन एकटेच या, साहेब. अन दुपारी या. दोन-तीनच्या सुमारास.”

“का बरं?”

“तसंच. दुपारी मी घरीच असतो.”

माझ्या मनात पाल चुकचुकली. चौकशीला येणाऱ्या माणसाला कोणी वेळ ठरवून देतं का? एकटे या म्हणजे काय, दुपारी या म्हणजे काय? दुपारी दोनला महालातली गल्ली दारं लोटून झोपलेली असते. ना कोणी साक्षीला, ना कोणी विचारायला. म्हणजे कांताबाईने एका दुपारपुरती खोली उघडायची, हिने आत बसून दाखवायचं, मी सही करायची आणि साठ रुपये वाटून घ्यायचे. डाव अगदी स्वच्छ दिसत होता. मी म्हटलं, ठीक आहे बाई, येतो.

दुपारी मी गेलो, पण टेहळणीपुरता. पंचनामा नंतर करायचा, आधी नुसता अंदाज घ्यायचा, ही माझी पद्धत. कांताबाईने दार उघडलं. चाळिशीची विधवा, कपाळ मोकळं, हातात सुपारीचा अडकित्ता. मी ऑफिसचं नाव घेताच ती दारातून बाजूला झाली.

“आत या. आत बोलू.” मी आत जाताच तिने दार लोटून घेतलं. “च्या ठेवतो.”

चहा नको म्हणालो. चहा पाजणारे घरमालक मला माहीत होते.

“अंजनाबाई तुमची कोण?”

“माह्या माहेरची हाये. कुहीकडची.”

“नात्याची?”

“माहेरची हाये म्हनलं ना.” ती माझ्याकडे न पाहता सुपारी कातरू लागली. “बाई चांगली हाये. मले काही तरास नाही. मी लिहून देल्लं, सही देल्ली, आनखी काय पाह्यजे तुमाले?”

खोली पाहिली. आठ बाय नऊ. शेणाने नुकतीच सारवलेली, कोपऱ्यात टिनाची पेटी, सुपात तेंदूची पानं, दोरीवर दोन लुगडी. दाराला नवीकोरी कडी, तेल घातलेली. गोपिका भिंतीला टेकून पुस्तक घेऊन बसली होती. मी विचारलं, “कधीपासून राहता?” तिने आईकडे पाहिलं. अंजनाबाई म्हणाली, “पंधरा दिवस झाले.”

भिंतीवर खिळा होता. खिळ्यावर काही नव्हतं.

मला एकदम पकडल्याचा आनंद झाला. माणूस बिऱ्हाड हलवतो तेव्हा आधी काय नेतो? भांडी मागाहून येतात, देव आधी जातो. शेडमध्ये रोज पुसली जाणारी ती तसबीर इथे नाही, म्हणजे या बायका इथे राहत नाहीत. दाखवायला एक पेटी आणून ठेवली, एवढंच. “बरं,” म्हणालो आणि निघालो. अंजनाबाई दारापर्यंत आली.

“झालं ना, साहेब?”

“कागदपत्र करायला पुन्हा येईन.”

“दुपारीच या हं,” ती म्हणाली. इतक्या काकुळतीने म्हणाली, की माझी खात्रीच पटली.

महालात पंचनामा करायचा तर कधी करावा, हे मला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी पाचला गल्लीतला नळ यायचा. नळ आला की अख्खी गल्ली बादल्या घेऊन रस्त्यावर. कोण कुठे राहतं, कोणाकडे कोण पाहुणा, सगळं त्या एका तासात समोर उभं असतं. बळीरामाची म्हैसही मी नळाच्या वेळीच पकडली होती. वीस मार्चला, मंगळवारी, पाचच्या ठोक्याला मी कांताबाईच्या ओट्यावर जाऊन बसलो, सायकल भिंतीला लावली आणि मोठ्याने हाक दिली, “पंच पाहिजेत दोन!”

समोर चंपतरावांचं किराणा दुकान होतं. ते आले. बाजूला मार्तंड शिंपी मशीनवर होता, त्यालाही उठवलं. नळावर पंचवीस-तीस बायका उभ्या. सगळ्यांनी कान टवकारले.

कांताबाई धावत बाहेर आली. “अवो, हे काय करून राहिले तुमी? आत या ना.”

“आत नाही. कामकाज सगळ्यांसमोर.”

“पन मी लिहून देल्लं ना?”

“म्हणूनच तर खातरजमा.”

मी लिहायला बसलो. नाव, वय, धंदा, पूर्वीचा पत्ता, जात आणि धर्म, हल्लीचा पत्ता, केव्हापासून. शेडच्या रजिस्टरवरून सगळं उतरून काढलं. पंचनाम्याच्या शेवटी एक ओळ असते: ‘सदर पंचनामा पंचांस वाचून दाखविला, तो बरोबर असल्याचे सांगून त्यांनी सह्या केल्या.’ सगळे कारकून ही ओळ लिहितात. वाचून मात्र कोणी दाखवत नाही. मी दाखवतो. एकोणीस वर्षांत एकही पंचनामा मी न वाचता सहीला पुढे केला नाही, याचा मला फार अभिमान होता.

“वाचाची काय गरज हाये?” कांताबाई हळूच म्हणाली. तिचा हात माझ्या कागदावर आला होता. मी तो बाजूला केला. इतकी वर्षं लोकांनी माझ्या कागदावर हात ठेवला होता तो लपवायलाच.

मी उभा राहून वाचलं. अंजनाबाई लहानू गजभिये. पूर्वीचा पत्ता, नाल्याकाठची वस्ती. त्यानंतर निवारा शेड. धर्म, बौद्ध. छप्पन साली धर्मांतर. नळ चालू होता, एका बादलीतून पाणी ओसंडून वाहत होतं, पण कोणी ती बाजूला घेत नव्हतं.

“काय वाचलं?” चंपतराव म्हणाले. “जरा फिरसे वाचा.”

मी पुन्हा वाचलं. आणखी मोठ्याने वाचलं.

त्याच वेळी अंजनाबाई गल्लीच्या तोंडाशी आली. ठेकेदाराकडे विड्या पोचवून, रिकामी टोपली काखेत. तिने मला पाहिलं, माझ्या हातातला कागद पाहिला, मग नळावरच्या बायका पाहिल्या. ती पुढे आली नाही, मागेही गेली नाही. मी म्हणालो, “या, या, तुमचंच चाललंय.”

चंपतराव बराच वेळ लेखणी हातात धरून होते. मग म्हणाले, “राहते हे खरं हाये. पंधरा-वीस रोजापासून पाहून राहिलो. खोटं कायले सांगू?” त्यांनी सही केली. मार्तंडाने केली. मी जरा खट्टू झालो. म्हणजे बाई खरीच राहत होती. तसबिरीचा माझा तर्क चुकला होता. पण खट्टू होणं फार टिकलं नाही. खोटी केस पकडण्यात जशी मजा असते तशी खरी केस खरी ठरवण्यातही असते. मी अंजनाबाईला सांगितलं, “तुमचं काम झालं. अठ्ठावीस तारखेला पैसे घेऊन येतो. नियम असा आहे की पैसे याच खोलीत हातात द्यायचे.”

ती “हाव” म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिचे पाय मी पाहिले, ते अगदी स्थिर होते. घरी जाताना मी आरामात सायकल मारली. आपण एका गरीब बाईचं काम नियमात बसवून दिलं, असं मला वाटत होतं. असं खरोखर वाटत होतं.

अठ्ठावीसला साठ रुपये घेऊन गेलो. मागच्या खोलीला बाहेरून कुलूप.

माझं डोकं सणकलं. आठ दिवसांत? म्हणजे शेवटी मला बनवलंच! पंच फितूर, घरमालकीण सामील, आणि खातरजमा ओट्यावर बसून मोठमोठ्याने वाचतोय! ऑफिसात हे कळलं तर माझी काय अब्रू राहणार? मी कांताबाईचं दार खडखडवलं.

“कुठे आहे तुमची माहेरची बाई?”

कांताबाई दारात उभी राहिली. यावेळी आत या म्हणाली नाही. “आता काय आनलं? आनखी काही वाचून दाखवाचं राह्यलं काय?”

“खोलीला कुलूप का?”

“मीनंच लावलं.”

“म्हणजे ती इथे राहतच नव्हती.”

“राहे. चांगली राहे.” तिचा आवाज चढला, मग नळाकडे पाहून तिने तो स्वतःच खाली आणला. “तुमाले तिनं सांगतलं होतं ना, दुपारी या, एकटे या?”

“सांगितलं होतं. म्हणूनच तर मला संशय आला.”

तिने कपाळावर हात मारून घेतला.

“अवो, आमी दोघी एका गावच्या. कुहीच्या पलीकडं धानाचं गाव हाये आमचं. एका बांधीत गुडघाभर चिखलात उभ्या राहून रोवनं केलं आमी. तिची जात मले तुमच्या कागदावरून समजाची होती काय? मले माहीत होतं. गल्लीले माहीत नव्हतं. माहेरची हाये म्हनून सांगतलं होतं मी, अन ते खोटं नव्हतं. कोनी जास्त विचारलं नाही, मी जास्त सांगतलं नाही. तिनं आपली तसबीरबी पेटीत ठेवली होती, लुगड्यात गुंडाळून. म्हने, कांता, तुले तरास नको. दोन-चार महिन्यांत लोकाईले सवय झाली असती. मंग समजलं असतं तरी कोनी काही म्हनलं नसतं.” ती थांबली. “चंपतरावच्या दुकानातून तिले राकेल मिळे, नळावर नंबर लागे. सगळं लागलं होतं सुरळीत.”

मी हातातले साठ रुपये परत खिशात घातले.

“तुमी गेले अन त्याच संध्याकाळी तिची बादली नळावरून उचलून फेकली. दुसऱ्या दिवशी माही फेकली. माह्या पोरीचं लग्न जमून राहिलं, त्या लोकाईच्या कानावर घालू म्हने. मी बाईमानूस, कोनाकोनाशी भांडू?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते रागाने पुसलं. “मी तिले जा म्हनलं नाही. म्हनाची हिंमतच नाही झाली. तिनंच सामान बांधलं. वीस रोजाचं भाडं मोजून ठेवलं माह्यासमोर. मी घेतलं. घेतलं मी ते.”

“पण मी तर नियमाप्रमाणे...”

“हाव ना. तुमचं तं सगळं नियमानंच हाये.”

तिने दार लावलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

परत येताना सायकल हातात धरून चालत आलो. बसवेना. ऑफिसात येऊन मी शेरा लिहायला घेतला. दोनच पर्याय होते, ‘राहते’ आणि ‘राहत नाही’. मधला रकाना नव्हता. मी लिहिलं: ‘सदर अर्जदार नमूद पत्त्यावर राहत नसल्याचे आढळून आले. मदत नामंजूर.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. एकतीस कुटुंबांपैकी बारांना पैसे वाटले गेले, एकोणीस कुटुंबांची रक्कम परत गेली. साहेबांनी त्याला बचत म्हटलं आणि माझं नाव वर कळवलं.

एकतीस तारखेला शेड रिकामी करून घ्यायचं कामही माझंच. सकाळी दहाला डांबराची पिंपं घेऊन ट्रक बाहेर येऊन उभा होता. लोक आपापली पोती सोडत होते. अंजनाबाई त्याच कोपऱ्यात होती. महालातून निघाली तेव्हा परत इथेच आली होती, दुसरीकडे जाणार कुठे? गोपिका पेटीवर बसून होती, आणि तिच्या मांडीवर ती तसबीर, आता लुगड्यातून बाहेर काढलेली. मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काच पुसायला लागली.

मी म्हणालो, “अंजनाबाई, मला माहीत नव्हतं.”

“हाव, साहेब.” तिने नुसतं म्हटलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, शिव्या देईल. त्या मी ऐकून घेतल्या असत्या, आणि मग जरा बरं वाटलं असतं.

“दुसरी खोली पाहिलीत का? पुढच्या बजेटात पुन्हा...”

“पाहून राहिली ना. आठ-नऊ दिवसांत लय फिरली. उमरेड रोडपास्नं सक्करदऱ्यापर्यंत.” ती दोरीची गाठ मारत होती. “आता मी पहिले जातच सांगतो साहेब, मंग खोली विचारतो. मागाहून कोनी वाचून दाखवाले नको.”

मी खाली पाहिलं. माझ्या चपलेत माझी बोटं हलत होती.

“सक्करदऱ्याच्या रस्त्याले एका घराले पाटी लागून हाये,” ती म्हणाली. “खोली भाड्यानं देनं आहे, आत चौकशी करावी. दारावरचं नाव गोपिकानं वाचलं. तुमचंच घर व्हय ना ते?”

माझंच होतं. मागची खोली, वेगळा दरवाजा, आतून-बाहेरून कडी. जुना भाडेकरू दिवाळीला गेला तेव्हापासून रिकामी. येणाऱ्या प्रत्येकात मी खोट काढत होतो, म्हणून बायको वैतागली होती. पाटी मी स्वतः रंगवली होती. आणि मी जातपात मानत नाही, हे ऑफिसात मीच सगळ्यांना सांगत असे. कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या कपात चहा पीत असे. हे सगळं मला त्या एका क्षणात आठवलं. बायको आठवली, बायकोची आई आठवली, समोरचे शेजारी, आमचा नळ.

“ती... ती दिली,” मी म्हणालो.

“कवा?”

“कालच.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. एकोणीस वर्षांत मी किती माणसांकडे असं पाहिलं असेल! पण ती माझ्या पायांकडे नाही, सरळ तोंडाकडे पाहत होती.

“मी आज सकाळीच तिकून आली,” ती म्हणाली. मग तिने पेटी डोक्यावर घेतली, एका हाताने सावरली, आणि अगदी साध्या आवाजात, जणू माझी अडचण सोडवावी तशी म्हणाली, “पाटी काढाची राह्यली असन.”

“हो,” मी म्हणालो. “राहिली.”

मायलेकी ट्रकच्या बाजूने रस्त्यावर गेल्या. मी शेडच्या कागदावर ‘जागा रिकामी करून घेतली’ असं लिहिलं आणि पंचांच्या सह्या घेतल्या. त्या दिवशी मी काही वाचून दाखवलं नाही.

घरी गेलो तो आधी पाटी काढली. बायको बाहेर आली. “गेली का खोली?”

“हो.”

“कोणाला दिली?”

मी सांगितलं नाही. महिना झाला, दोन महिने झाले, कोणी राहायला आलं नाही, तेव्हा तिला काय समजायचं ते समजलं. पाटी पुन्हा लाव म्हणाली. पण अंजनाबाईच्या ठेकेदाराचं गोदाम आमच्याच रस्त्याला आहे. दर शनिवारी विड्यांची टोपली घेऊन ती आमच्या घरावरून जाते, आणि जाताना दाराकडे बघते. मी खिडकीच्या आत उभा असतो. ती कुठे राहते, ते मी कधी विचारलं नाही. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा वर्तमानपत्रात गोपिकाचा नंबर मी शोधणार होतो, पण मला तो माहीत नव्हता.

खोली दिली, असं मी सांगितलेलं आहे. म्हणून ती अजून रिकामी आहे. दारावरची कडी आता गंजली, ओढली तर हलतही नाही.